खिडकीच्या पलीकडची घड्याळं

बारा मिनिटं. आमच्या औषध विभागाचा हा आकडा मी कितीतरी बैठकांत सांगितला आहे. वॉर्डाची चिठ्ठी खिडकीत आली, की बाराव्या मिनिटाच्या आसपास औषध काढून, तपासून, लेबल लावून, सही करून तयार. कुणी उशिराची कुरकुर केली की मी वाद घालत नसे. रजिस्टर उघडून पुढे सरकवायचे. रजिस्टर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच इतकी वर्षं माझ्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आणून दिलं एका सिस्टरने. रात्रपाळी संपवून ती तशीच बैठकीला येऊन बसली होती. सगळे उठायला लागले तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुमची बारा मिनिटं मला मान्य आहेत. फक्त एवढं सांगा, ती सुरू कधी होतात?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे फारसं बरं नसणार. प्रश्न मात्र सोबत घरी आला. पुढच्या आठवड्यात एक दिवस खिडकी सहकाऱ्याच्या हवाली केली, खिशात छोटी वही घातली आणि एका चिठ्ठीच्या मागे चालायला निघाले. खरं तर चिठ्ठी जन्माला यायच्याही आधीपासून, थेट राऊंडमध्ये.

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. सहा नंबरच्या खाटेशी डॉक्टर थांबले, ताप पाहिला, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "ही अँटिबायोटिक चालत नाहीये, बदलू या." नव्या इंजेक्शनचं नाव सांगितलं. सोबतच्या निवासी डॉक्टरने हातातल्या घडी घातलेल्या कागदावर ते खरडून घेतलं, आणि राऊंड सात नंबरकडे सरकला. केस पेपरवर ते नाव उतरलं सव्वादहाला, राऊंड संपल्यावर, इतर सगळ्या रुग्णांच्या बदलांसोबत. केस पेपरांचा गठ्ठा काउंटरवर आला साडेदहाला. त्या वेळी सिस्टर शस्त्रक्रियेहून आलेल्या रुग्णाला खाटेवर घेत होती. इंडेंट, म्हणजे औषधाची मागणी-चिठ्ठी, लिहायला बसली तेव्हा अकराला पाच कमी होते. इंडेंट डब्यात पडलं. वॉर्डबॉय मामा निघाले अकरा वीसला, कारण मधे ते एका आजींना ट्रॉलीवरून एक्स-रेला घेऊन गेले होते. साडेअकराला चिठ्ठी आमच्या खिडकीत आली, तिच्यावर आमचा शिक्का बसला आणि माझ्या रजिस्टरातलं घड्याळ सुरू झालं. अकरा एक्केचाळीसला औषध तयार. अकरा मिनिटं! सरासरीपेक्षाही एक मिनिट कमी.

मग ते त्या वॉर्डाच्या टोपलीत बसून राहिलं. मामांची पुढची फेरी पाऊण वाजता. एक वाजता ते वॉर्डात पोहोचलं, पण घेणारी सिस्टर दुसरी होती. तिने ते जपून कपाटात ठेवलं. पहिली जेवून आली, शोधाशोध झाली, एक पंचवीसला सापडलं. मग विरघळवणं, सलाइनमध्ये मिसळणं, नळी जोडणं. एक वाजून चाळीस मिनिटांनी पहिला थेंब शिरेत गेला.

नऊ वीस ते एक चाळीस. चार तास वीस मिनिटं. त्यांतली कुणाच्या तरी हातातली मिनिटं मी त्या रात्री वहीत मांडली: लिहिण्याची, उतरवण्याची, चालण्याची, काढण्या-तपासण्याची, विरघळवण्याची. सगळी मिळून पाऊण तासही भरेना. उरलेले साडेतीन तास औषध किंवा त्याचा कागद कुठेतरी पडून होता. खिशात, गठ्ठ्यात, डब्यात, टोपलीत, कपाटात. एकही माणूस रेंगाळत नव्हता. उलट सगळे धावत होते, आणि या धावणाऱ्या माणसांच्या मधल्या जागांत कागद निवांत पडला होता.

माझी बारा मिनिटं दहा करण्यासाठी मी आदल्या वर्षी एक जादा माणूस मागितला होता. मिळाला असता तर त्या रुग्णाला इंजेक्शन एक चाळीसलाच मिळालं असतं. टोपलीत दोन मिनिटं आधी जाऊन बसलं असतं, एवढाच फरक.

रांगांचं गणित फार्मसीच्या अभ्यासक्रमात आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते जन्मलं टेलिफोन खात्यात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने 1909 मध्ये, एकाच वेळी किती फोन येतील आणि लोकांना किती ताटकळावं लागेल, यावर पहिला निबंध लिहिला. पुढे 1961 मध्ये जॉन लिटल यांनी एक साधं समीकरण सिद्ध केलं: रांगेत सरासरी जितकी कामं पडलेली असतात, ती कामं येण्याच्या वेगाने भागली की प्रत्येकाचा थांबण्याचा काळ मिळतो. तासाला तीस चिठ्ठ्या येतात आणि टेबलावर कायम वीस पडलेल्या दिसतात, तर प्रत्येक चिठ्ठी चाळीस मिनिटं तिथे असते. घड्याळ लावायचीही गरज नाही, गठ्ठा मोजला तरी पुरे. तेव्हापासून मला कुठल्याही कार्यालयात गेल्यावर टेबलावरच्या फायली मोजायची खोड लागली आहे.

पण मला खरा धक्का दिला तो दुसऱ्या एका हिशोबाने. कामं कधीही, कशीही येत असतील, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल आणि खिडकीत माणूस एकच असेल, तर तो वेळेच्या ऐंशी टक्के गुंतलेला असताना चिठ्ठीला रांगेत सरासरी कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. नव्वद टक्के गुंतला तर नऊपट. पंचाण्णव टक्क्यांना एकोणीस पट. चिठ्ठीला पाच मिनिटं लागत असतील तर थांबणं आधी वीस मिनिटं, मग पंचेचाळीस, मग तास उलटून पस्तीस मिनिटं. माणूस तोच, हातही तितकेच चपळ. फक्त त्याची मोकळीक गेली. "तुमचा माणूस मधेमधे रिकामा दिसतो," असं मला एका वरिष्ठांनी एकदा सुनावलं होतं, आणि मी शरमेने त्याला जादा काम लावून दिलं होतं. ते रिकामपण पुढच्या तातडीच्या चिठ्ठीसाठी राखलेली जागा होती, हे मलाच माहीत नव्हतं तर त्यांना काय सांगणार?

शिवाय चिठ्ठ्या अशा रँडमही येत नाहीत. त्या येतात झुंडीने. सगळ्या वॉर्डांचे राऊंड सकाळीच, सगळे गठ्ठे साडेदहालाच, सगळे मामा अकराच्या सुमारासच. साडेनऊला आमची खिडकी ओस आणि साडेअकराला तिथे हात आत घालायला जागा नाही. दिवसाची सरासरी काढली तर माणसं पुरेशी. पण सरासरी वेळेला चिठ्ठी येतच नाही.

आम्ही पहिली गोष्ट केली ती अगदी मामुली होती. निवासी डॉक्टरांना विनंती केली, की राऊंड संपेपर्यंत थांबू नका. खाटेशीच लिहा, आणि चार-पाच रुग्ण झाले की तेवढ्या चिठ्ठ्या पुढे पाठवा. दुसरी गोष्ट, मामांची फेरी दर तासाला. यावर गदारोळ झाला. "दोनाच्या सहा फेऱ्या? पाय आहेत की चाकं?" असं एक मामा मला तोंडावर म्हणाले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. वॉर्डात माणूस लागला की पहिली हाक त्यांनाच. रक्ताचे नमुने, ऑक्सिजनची नळकांडी, ट्रॉली, वर पुन्हा आमच्या पिशव्या. शेवटी फेरीचं काम वॉर्डाकडून काढून आमच्याकडे घेतलं. एकच माणूस, ठरलेला मार्ग, दर तासाला सगळे वॉर्ड. जाताना औषध द्यायचं, येताना चिठ्ठ्या आणायच्या. टपाल्यासारखं. हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा चिठ्ठी खिडकीशी येईपर्यंत ती आमची नाही, असं आम्ही कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं.

फोनबद्दलही सांगायला हवं, कारण त्याची मजा वेगळीच. औषध उशिरा आलं की वॉर्डातून फोन येतो: "आमचं कुठवर आलं?" तो घ्यायला कुणीतरी हातातली चिठ्ठी खाली ठेवतं, टोपल्या उपसतं, शोधतं, सांगतं, आणि परत येऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचतं, कारण डोस मोजताना मधेच तुटलेलं लक्ष पुन्हा जोडून चालत नाही. तेवढ्यात मागच्या चार चिठ्ठ्यांना उशीर होतो. त्या चार वॉर्डांतून चार फोन. सर्वांत जास्त उशीर ज्या दिवशी, सर्वांत जास्त फोनही त्याच दिवशी. मी याला नशीब समजत होते.

आणि "अर्जंट"चा शिक्का! वॉर्डात त्याला स्टॅट म्हणतात, लॅटिनमधल्या 'स्टॅटिम'चा तुकडा, अर्थ ताबडतोब. साध्या चिठ्ठीला तास लागतात म्हटल्यावर सिस्टर साध्या गोळीवरही स्टॅट लिहू लागल्या. कुणी लिहिणार नाही? मग आमच्याकडे लाल खुणेची इतकी चळत साचली, की खरोखर श्वास अडकलेल्या माणसाचं औषधही त्याच चळतीत मधे कुठेतरी. मी आधी सूचना काढली, की विनाकारण स्टॅट लिहू नये. सूचना भिंतीवर राहिली. साध्या चिठ्ठ्या वेळेत मिळू लागल्यावर लाल खुणा आपोआप ओसरल्या.

खरी गंमत ड्रॉवरची. जवळजवळ प्रत्येक वॉर्डात एक ड्रॉवर असतो, ज्याबद्दल आम्हाला माहीत नसायला हवं. घरी गेलेल्या रुग्णांच्या उरलेल्या पट्ट्या, परत न पाठवलेल्या बाटल्या, दोनदा आलेले डोस. मी तो पहिल्यांदा उघडलेला पाहिला तेव्हा मला रागच आला. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, ज्यांच्यावर नाव उरलं आहे पण मुदतीची तारीख कापली गेली आहे. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची कुपी बाहेर. मी बोलायला तोंड उघडलं, आणि सिस्टर शांतपणे म्हणाली, "रात्री तीन वाजता तुमची खिडकी किती मिनिटांत उघडते?" त्या ड्रॉवरमुळे कितीतरी रात्री कुणाचा तरी डोस चुकला नसेल, आणि त्याच ड्रॉवरमुळे एखाद्या रात्री कुणाला तरी चुकीचा डोस गेला असेल. दोन्ही खरं. आमच्या उशिराचं ते पोर होतं. त्याला हाणून काय होणार?

म्हणून आम्ही ड्रॉवर बंद न करता कायदेशीर केला. वॉर्डनिहाय छोटी यादी, ज्या औषधांचा पहिला डोस थांबू शकत नाही तेवढीच. मोजून ठेवायची, वापरलं की लिहायचं, दुसऱ्या दिवशी आम्ही भरून द्यायचं. यादीवर मात्र आम्ही तीन बैठका भांडलो. प्रत्येक विभागाला आपलंच औषध जीवनावश्यक वाटत होतं. काही बाबतींत मी अजिबात हटले नाही. तीव्र पोटॅशियम क्लोराइडची कुपी वॉर्डात नको म्हणजे नको. ती दिसायला इतर कुपींसारखीच असते आणि न मिसळता शिरेत गेली तर हृदय थांबतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने 1998 मध्ये धोक्याच्या इशाऱ्यांची मालिका सुरू केली, तिचा पहिला अंक याच औषधावर होता. काही औषधांनी थोडं दूर राहणंच बरं.

कुठलं औषध थांबू शकतं आणि कुठलं नाही, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक वाचण्याचं प्रमाण सरासरी 7.6 टक्क्यांनी घसरलं होतं. तो आकडा वाचला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची तारेची टोपली आली. पुढे यावर बरीच चर्चा झाली. सगळ्याच तापांना हे लावलं तर गरज नसलेल्यांनाही घाईने जहाल औषधं दिली जातील, हा आक्षेप रास्त होता. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच फरक केला आहे: रक्तदाब कोसळला असेल तर तासाच्या आत, आणि नुसता संशय असेल, रक्तदाब ठीक असेल, तर चटकन तपासण्या करून तीन तासांपर्यंत. इंग्लंड-वेल्समध्ये 2010 मध्येच रुग्णालयांना सांगितलं गेलं होतं, की ज्यांचा उशीर चालणार नाही अशा औषधांची आपापली यादी करा. अमेरिकेत तर उलट अडचण झाली होती. तिथे प्रत्येक औषध ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर द्यायचा नियम होता, आणि तो पाळण्याच्या धावपळीत परिचारिका तपासणीचे टप्पे गाळू लागल्या. 2011 मध्ये तो सरसकट नियम गेला. काही औषधांना अर्धा तास, काहींना एक, रोजच्या एकदाच्या गोळीला दोन तास, अशी विभागणी आली. रोजची जीवनसत्त्वाची गोळी आणि जेवणाआधीचं इन्सुलिन एकाच तराजूत कशाला?

घाईचं एवढं बोलल्यावर एका उशिराची बाजूही घ्यायला हवी. एकदा एका चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट आलं, संधिवाताच्या रुग्णासाठी, रोज एकदा. संधिवातात ते आठवड्यातून एकदा देतात; रोज दिलं तर हाडांत रक्त तयार करणारी अस्थिमज्जा मरू शकते. मी फोन लावला. डॉक्टर शस्त्रक्रियेत. दुसऱ्यांना लावला, ते म्हणाले, लिहिलंय ते द्या. नाही दिलं. वॉर्डातून दोनदा विचारणा झाली, "तुमच्याकडेच अडलंय ना?" हो, माझ्याकडेच अडलं होतं. दोन तासांनी डॉक्टर स्वतः आले, चिठ्ठी पाहिली आणि काही न बोलता 'रोज'वर काट मारली. माझ्या रजिस्टरात त्या दिवसाची सरासरी बिघडली. तेव्हापासून आम्ही अशा चिठ्ठ्यांसाठी वेगळा रकाना केला: 'डॉक्टरांना विचारलं आहे'. आणि वॉर्डाने विचारायच्या आधी आपणच कळवायचं, की का थांबलंय. थांबण्याचं कारण कळलं की फोन येत नाहीत, हेही मला उशिराच समजलं.

पुढे संगणक आला. कागदाचा खिसा, गठ्ठा आणि डबा तीनही गेले. डॉक्टरांनी खाटेशी टिचकी मारली की आमच्या पडद्यावर ओळ. मी हरखले होते. मग पडद्यावर साडेदहाला साठ ओळी दिसू लागल्या. काही वॉर्डांत औषधांची स्वयंचलित कपाटं आली, बोटाचा ठसा दिला की कप्पा उघडतो. रात्री तीनचा प्रश्न त्यांनी बऱ्यापैकी सोडवला. मात्र सकाळी आठला त्या कपाटापुढे चार सिस्टर रांगेत उभ्या असतात, हे आमच्या कुठल्याच रजिस्टरात येत नाही. डिस्चार्जच्या औषधांबद्दल तर मी बोलतच नाही. घरी जायचं सकाळी ठरतं आणि पिशवी संध्याकाळी मिळते, आणि या मधल्या वेळात ती खाट ज्याला हवी तो खाली स्ट्रेचरवर असतो.

आता सिस्टरचा तो पहिला प्रश्न मी नव्या मुलांना विचारते: तुमची बारा मिनिटं सुरू कधी होतात? बहुतेक जण शिक्क्याकडे बोट दाखवतात. मी त्यांना वही देऊन एका चिठ्ठीमागे पाठवते. एक मुलगा परत आला आणि म्हणाला, "मॅडम, वॉर्डातलं घड्याळ आपल्यापेक्षा सात मिनिटं पुढे आहे." एवढी वर्षं आम्ही एकमेकांच्या वेळा खोट्या ठरवत होतो!

मागच्या महिन्यात संध्याकाळी एक बाई खिडकीशी आल्या. खिडकीवर नातेवाइकांनी यायचं नसतं, पण आल्या. नवऱ्याला पार्किन्सन्स. पाय मोडला म्हणून दाखल. घरी ते लेव्होडोपाची गोळी दिवसातून पाच वेळा घेतात, ठरलेल्या घटकेला; त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं, आणि गोळी लांबली की माणूस जागच्या जागी गोठतो. बोलणं अडतं, घास गिळता येत नाही. दाखल करताना घरचा डबा नियमाप्रमाणे काढून घेतला होता. केस पेपरवर 'दिवसातून पाच वेळा' लिहिलं होतं, आणि वॉर्डाने त्या पाच वेळा आपल्या ट्रॉलीच्या वेळांत बसवल्या होत्या.

"ते ओरडत नाहीत हो," बाई म्हणाल्या. "ओरडता येत नाही त्यांना. म्हणून कुणाला कळत नाही."

त्यांनी पर्समधून एक चिटोरा काढला. सकाळचे सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ. बाजूला कुणाच्या तरी शाळकरी अक्षरात 'आबांची गोळी'. मी चिठ्ठीवरचं 'पाच वेळा' खोडलं आणि त्या पाच वेळा एकाखाली एक लिहिल्या. सहकाऱ्याने गोळी काढली, मी तपासली. आमचा फेरीचा माणूस नुकताच वरच्या मजल्यांवर गेला होता. मी गोळीचं पाकीट घेऊन बाईंबरोबर जिना चढले. वॉर्डाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा भिंतीवरचं घड्याळ आठ वाजून दोन मिनिटं दाखवत होतं, माझं आठला पाच कमी. सिस्टरने सही घेताना विचारलं, "मॅडम, वेळ कुठली लिहू?"

बाईंनी मनगट पुढे केलं. आठला एक मिनिट कमी. सिस्टरने तेच लिहिलं.